लाल डिश

रंगाचं उरलेलं पाणी काढून टाकून तिने डिश धुतली आणि उजेडाकडे धरली. डिश कोरीच्या कोरी होती. शेजारची मात्र, कुणा धडधाकट अनोळखी माणसाच्या पेशींची, डाळिंबासारखी लालभडक झाली होती.

"झालं का गं, चिमे?" दाराजवळच्या खुर्चीतून अण्णांनी विचारलं. छातीपासून कमरेपर्यंत आवळलेल्या पट्ट्यामुळे त्यांना मागे बघायचं तर अख्खं अंगच वळवावं लागे.

"होतंय. दम धरा जरा."

कोऱ्या डिशमधल्या पेशी अण्णांच्या होत्या, त्यांच्या हाडांतल्या मज्जेतून काढलेल्या. घरच्या माणसाचा नमुना स्वतः हाताळायचा नाही, असा प्रयोगशाळेचा नियम होता आणि तिथल्या प्रमुख मॅडमनी तो तिला बजावलाही होता. बापाची हाडं दुसऱ्याच्या हाती कशी सोपवू, म्हणाली होती ती. आता भोगा.

मज्जेतल्या या मूळपेशींचं काम हाड बांधायचं. अण्णांच्या मज्जेत कॅन्सर शिरला आणि त्याच्या पेशी यांना सारखा एकच निरोप धाडू लागल्या: थांबा, बांधू नका. यांनीही मुकाट काम टाकलं. हाड खाणाऱ्या पेशींचं आयतंच फावलं आणि मणके आतून पोखरत गेले. तो निरोप अडवणारं नवं औषध येऊ घातलं होतं. अण्णांची सगळी भिस्त त्याच्यावर होती. म्हणून तर तिने त्यांच्या पेशी कॅन्सरपासून वेगळ्या काढल्या, खाऊपिऊ घालून वाढवल्या. हाड बांधू लागल्या असत्या, तर त्यांच्यावर लाल रंग चढला असता. डिशमध्ये आता निरोप धाडणारं कुणीही नव्हतं. तरी त्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या. मग औषध अडवणार तरी कुणाला?

तोवर अण्णा भिंतीला धरून धरून टेबलापाशी येऊन ठेपले होते. जन्म सायकलच्या दुकानात गेलेला माणूस. ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे, वस्तू डोळ्यांनी बघायची. दुकान विकत घ्यायला एकजण तयार होता आणि त्याला आज हो की नाही कळवायचं होतं. ते डिश बघूनच ठरवू, असा हट्ट धरून ते इथवर आले होते.

"यातली माझी कुठली?"

तिचं बोट कोऱ्या डिशकडे निघालं आणि लाल डिशवर जाऊन टेकलं.

अण्णांचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना.

"बघ! म्हणत नव्हतो मी? जुनं हाड आहे हे. लाल म्हणजे चांगलंच ना?"

"लाल म्हणजे चांगलं," ती म्हणाली. एवढं तरी खरं होतं.

"मग दुकान विकायचं नाही. औषध आलं की हा पट्टा फेकतो आणि पहिली सायकल मीच उचलून स्टँडला टांगतो."

मागे नुसत्या शिंकेने त्यांचा एक मणका खचला होता, आणि ते सायकल उचलायला निघाले होते. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण अण्णांची नजर दुसऱ्या डिशवर गेली होती.

"आणि ही कोरी कुणाची?"

"आहेत एक पेशंट."

"त्याचं काही खरं नाही म्हणायचं. औषधानंही नाही?"

"नाही."

"अरेरे." अण्णांनी कोरी डिश बोटाने हलकेच जवळ ओढली. "त्याला ठाऊक आहे?"

"अजून सांगितलं नाही. फार आशेवर आहेत हो ते. कसं सांगायचं?"

"कसं म्हणजे? तोंडानं!" अण्णा खरोखरच चिडले. "माणसाला मागचं आवरायचं असतं, चिमे. कुणाचं काही देऊन टाकायचं असतं, कुणाशी चार शब्द बोलायचे असतात. तुम्ही त्याला झुलवत ठेवणार आणि तो बिचारा बेत करत बसणार. माझ्याशी कुणी असं वागलं असतं ना, तर पुन्हा तोंड पाहिलं नसतं मी त्याचं."

ती टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

"आजच सांग त्याला," अण्णा म्हणाले. मग खिशातून फोन काढून त्यांनी तिच्यापुढे धरला. "पण आधी दुकान घेणाऱ्याला तेवढा फोन लावून दे. नाही म्हणून कळवतो."