शेवटचं पाणी

तेजलने ब्रिजिट सिस्टरच्या डोक्यावर टोपी बसवली आणि मशीन चालू केलं. महासाथीच्या वॉर्डात काम केलेल्यांच्या आठवणी इथे पुसून मिळत. ब्रिजिटच्या बरोबरीच्या बहुतेक जणी आठवणी पुसून घेऊन गेल्या होत्या आणि आता शांत झोपत होत्या.

"आठवण आधी एकदा दिसेल, मग कायमची जाईल," तेजल म्हणाली.

पडद्यावर वॉर्ड उमटला. हातमोजा घातलेला एक हात म्हाताऱ्या पेशंटच्या तोंडात चमच्याने पाणी सोडत होता. मग त्याच हाताने ओठांवर तुळशीचं पान ठेवलं.

"सिस्टर, तुम्ही तर ख्रिश्चन ना?"

"ते आजोबा नव्हते ना. घरच्यांना आत सोडत नव्हते, मग कुणी करायचं?"

"घरच्यांना ठाऊक आहे हे?"

"दर पितृपक्षात जेवायला बोलावतात. पहिलं ताट माझं असतं. जेवण झालं की मुलगी विचारते, बाबा शेवटी काय म्हणाले?" ब्रिजिटने पडद्याकडे बोट दाखवलं. "हे पुसल्यावर तिला काय सांगू?"

"लिहून ठेवा की."

"ती माझ्या चेहऱ्याकडे बघत ऐकते गं."

ब्रिजिटने टोपी काढून तेजलच्या हातात दिली.

बाहेर तिचा नवरा पास्कल स्कूटरपाशी उभा होता. "झालं? आता झोप लागेल?"

"नाही लागणार," ती मान ताठ ठेवून म्हणाली. "तेव्हाची माणसं एकटी गेली, असं सगळे म्हणतात. माझ्या ड्युटीवर एकही माणूस एकटं गेलं नाही, पास्कल. मी होते तिथे."