इंजिन बंद असताना

म्हाताऱ्या ऑस्टॅपची गाडी कॅनडातल्या यॉर्कटनच्या गॅरेजात आली, तेव्हा ती दर सिग्नलला बंद पडत होती. "उद्या स्टेफाला ऑपरेशनसाठी रिजायनाला न्यायचंय गं डार्लीन, काहीतरी कर," तो म्हणाला.

"अहो काका, ही नळी चिरलीय की! किती दिवस अशीच चालवताय?" मेकॅनिक डार्लीनने दटावलं. हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून हवा त्या चिरेतूनच इंजिनात शिरत होती. तिने नळी बदलली, सेन्सर साफ केला, आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तो बायकोला फोन करायला बाहेर धावला.

डार्लीनने इंजिन बंद केलं. आता गाडीला जोडलेल्या स्कॅनरवरचा, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा आकडा शून्यावर यायला हवा होता. पण तो सावकाश चढत होता, सावकाश उतरत होता. तिने सेन्सरची वायरच काढली. आकडा तरीही हलत राहिला.

तो आपल्याच श्वासाबरोबर हलतोय, हे तिच्या लक्षात आलं. तिने श्वास रोखला. आकडा थांबला.

"स्टेफा म्हणतेय, आता तिला भीती नाही वाटत!" बाहेरून ऑस्टॅप ओरडला.

डार्लीनने सुटकेचा श्वास सोडला.

उघड्या बॉनेटखालूनही तसाच एक श्वास सुटला, लांब आणि कोमट.