पडद्याच्या कोपऱ्यातील नावे

शाझलीने आपल्या संगणकांच्या दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले आणि संगणकाचा पडदा सालहाकडे वळवला. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा अकरावर आला होता. गेल्या आठवड्यात तो चाळीस होता.

चित्रफीत तिच्या भावाची, नौफलची होती. गाबेस शहरातल्या खत कारखान्याच्या दारात पहारेकरी त्याला मारत असल्याचे तीत स्पष्ट दिसे. कारखाना म्हणत होता, तो भिंतीवरून पडून मेला. मोठ्या संकेतस्थळाने ‘हिंसक दृश्य’ म्हणून ती एका दिवसात काढून टाकली. पोलिसांनी दुकानातल्या डिस्क उचलून नेल्या. तेव्हापासून ती खुल्या जाळ्यावर तग धरून होती. त्या जाळ्याला मालक नव्हता. जो फीत उघडे, त्याचेच यंत्र ती पुढच्याला पुरवी; यंत्र बंद झाले की एक राखणदार कमी. कोपऱ्यातला आकडा या राखणदारांचा, आणि त्याखाली त्यांची टोपणनावे दिसत: खजूर, गाढवाचा मित्र, हरीसा. गुरुवारी न्यायाधीश ती फीत न्यायालयातच, जाळ्यावरून पाहणार होत्या. हाती आणलेली प्रत बनावट असू शकते, असा कारखान्याच्या वकिलाचा आक्षेप होता.

आणि पोलीस एकेका राखणदाराच्या दारात पोहोचत होते.

पत्ते कोण पुरवते, याचे उत्तर सालहाच्या मते समोरच्या कॉफीखान्यात बसले होते. मुख्तार, पोलीस कचेरीतला कारकून. सुट्टी झाली की तो रोज दुकानाकडे तोंड करून बसे. सोमवारी तर त्याने आत येऊन विचारले होते, की नुसती पाहिली तरी फीत आपल्या यंत्रातून पुढे जाते का, आणि पडद्यावरची खिडकी मिटली तर थांबते का.

“जाते, सी मुख्तार,” शाझलीने आदराचे ‘सी’ लावून, हसून सांगितले होते. “म्हणून तुम्ही पाहू नका. नोकरी जाईल.”

मुख्तार हसला नव्हता.

आताही तो तिथेच होता. शाझली शटरखालून वाकून बघत मोठ्याने म्हणाला, “दुपारभर एक कॉफी. या चालीनं म्हातारा निवृत्त होईपर्यंत आख्खा कॉफीखाना विकत घेईल.”

समोर मुख्तारने मान वर केली. कप पालथा ठेवला आणि तो उठून गेला.

“ऐकलं त्यानं,” सालहा म्हणाली.

“ऐकू दे. पगार त्याचाच मिळतो त्याला.”

त्याच दिवशी सालहाने निर्णय घेतला. सर्वांनी गुरुवार उलटेपर्यंत यंत्रे बंद ठेवावीत. फीत फक्त स्फाक्समध्ये, शाझलीच्या मावसबहिणीकडे चालू राहील. चहाडखोराला मग दाखवायला घरच उरणार नाही. शाझलीला ते पटले नव्हते. पण शेवटी तो म्हणाला, की भाऊ तिचा आहे, तिने ठरवावे.

गुरुवारी न्यायालयाच्या पायऱ्यांवर तो पांढराफटक पडून उभा होता. मावसबहिणीचे यंत्र पोलिसांनी पहाटे उचलले होते.

“चहाडी कुणी केलीच नाही, लल्ला सालहा,” तो म्हणाला. “यंत्राचा पत्ता जाळ्यावर सगळ्यांनाच दिसतो. चाळीस जणांत एकेक हुडकायला त्यांना वेळ लागत होता. आपण एकीलाच उघड्यावर उभं केलं.”

त्याने बाकीच्यांना फोन लावून पाहिले होते. भीतीने सर्वांनी ते बंद ठेवले होते.

आत, पोलीस निरीक्षकाच्या मागे, मांडीवर फायली घेऊन मुख्तार बसला होता. सालहाशी नजर भिडताच त्याने मान खाली घातली.

“आला बघ,” ती शाझलीला म्हणाली. “माती लोटायला.”

न्यायाधीशांनी चष्मा लावला. “दाखवा.”

कारखान्याचा वकील मागे रेलून बसला. सालहाने कळ दाबली. पडद्यावर वर्तुळ फिरू लागले, फिरतच राहिले. शाझलीने डोळे मिटून घेतले.

मग कारखान्याचे दार दिसले, आणि नौफलचा निळा सदरा.

वकील सरळ होऊन बसला. सालहाने भावाकडे पाहिले नाही. तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर खिळली होती. तिथे आकडा होता एक, आणि त्याखाली राखणदाराचे टोपणनाव: ‘दुपारभर एक कॉफी’.