ओला गिलावा

“सगळी झाका. एक वीट दिसायला नको,” म्हातारी म्हणाली.

गिलाव्याचा कारागीर भिंतीपुढे डोकं खाजवत उभा राहिला. असली भिंत त्याने जन्मात बघितली नव्हती. झोपायच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत पॅसेजभर पसरलेली, आणि एका विटेचा दुसरीशी मेळ नाही. एखादी भट्टीत करपून काळी झालेली, एखादी टवका उडालेली, एखादी दोन बोटं पुढे आलेली. म्हाताऱ्याने ती स्वतःच्या हाताने बांधली होती. गवंडी होता तो. लोकांच्या कामावर टाकून दिलेल्या विटा गोळा करून आणल्या आणि स्वतःच्या घरात लावल्या. वर गिलावाही करू दिला नाही. “माझं काम आहे. झाकायला मी काय चोरी केलीय?” असं म्हणायचा. येणारा प्रत्येक पाहुणा मात्र विचारायचा, काम अर्धवट राहिलंय का हो?

मुलगा खूश झाला. लहानपणापासून त्याची कोपरं त्या भिंतीने सोलून काढली होती. सुनेला तेवढं राहवलं नाही.

“पण आई, बाबा त्या विटा चाचपतच बाथरूमला जातात ना?”

“होईल चार दिवसांत सवय,” म्हातारी म्हणाली आणि विषय मिटला.

चार वर्षांपूर्वी म्हाताऱ्याची नजर गेली. तोरा कुठला जायला! काठी घ्यायचा नाही, कुणाचा हात धरायचा नाही. उजवा हात भिंतीवरून फिरवत एकटा चालायचा. टवक्याची वीट लागली की समोर स्वयंपाकघर, दोन पुढे आलेल्या विटा लागल्या की बाथरूमचं दार. “मला कुणाची गरज नाही,” हे तो रोज घरभर ऐकवायचा. त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

हाक मारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. हाका मारायच्या तिने, आणि त्याचं उत्तर ठरलेलं. पान वाढलंय म्हणा, दारात कुणी आलंय म्हणा, आतून आवाज यायचा, “थांब, माल सुकतोय.” आता कालवलेला सिमेंटचा माल घट्ट व्हायच्या आत संपवावा लागतो, हे खरं. पण हा पठ्ठ्या सुट्टीच्या दिवशी खाटेवर लोळत पडलेला असला तरी तेच म्हणायचा. शेजारणी हसून हसून बेजार व्हायच्या. तीही हसायची, पहिली दोन वर्षं.

मग ही भिंत आली. तिला तेव्हा सातवा महिना होता. ती बाथरूममध्ये घसरून पडली. तो बाहेर पॅसेजमध्येच, दहा पावलांवर, विटा रचत होता.

“अहो,” तिने हाक मारली.

“थांब, माल सुकतोय.”

तिने पुन्हा हाक मारली. थापीचा आवाज तसाच चालू राहिला. तिसरी हाक तिची तिलाही नीट ऐकू आली नाही. घमेलं रिकामं करून, थापी धुऊन, हात पुसत तो आला.

मुलगी होती. जन्मल्यावर रडलीच नाही. “तशीही वाचली नसती,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भिंतीचा पुढचा थर सुरू केला.

पुढे मुलगा झाला, त्याचं लग्न झालं, घर भरलं. पण अडतीस वर्षं दिवसातून दहा वेळा ती त्या भिंतीजवळून गेली. पहिल्या हाकेच्या वेळी कुठली वीट लागत होती आणि तिसरीच्या वेळी कुठली, याचा अंदाज बांधत गेली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून तरी कुणाला काय कळणार होतं?

छिन्नीचा पहिला घाव पडला तेव्हा म्हातारा खोलीतून ओरडला, “कोण हात लावतंय रे माझ्या भिंतीला?” कुणी ओ दिली नाही. मग तो रुसून भिंतीकडे पाठ करून पडून राहिला. दुपारपर्यंत पुढे आलेल्या विटा तासून झाल्या, टवके भरून झाले, वरून गिलावा बसला. भिंत साबणाच्या नव्या वडीसारखी गुळगुळीत झाली.

“आजी, ओली आहे हं,” कारागीर निघताना म्हणाला. “उद्यापर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.”

मुलगा आणि सून कामावर होते. म्हातारी स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसली.

खाट करकरली. म्हातारा पायजम्याची नाडी एका मुठीत धरून पॅसेजमध्ये आला. त्याने सवयीने उजवा हात टेकवला, आणि हात सरकला. तो एक पाऊल पुढे आला. तिथेही तसंच गार आणि सपाट. आणखी दोन पावलं. टवका कुठे लागेना. तो गडबडून मागे वळला, पुन्हा वळला, आणि आता खोली कुठली आणि बाथरूम कुठलं हेच त्याला कळेना. ओल्या गिलाव्यावर त्याच्या पाच बोटांचे लांबच लांब ओरखडे उठले.

“अगं,” तो म्हणाला.

मटाराचे दाणे ताटलीत पडल्याचा आवाज आला. म्हणजे ती होती, इथेच होती.

“अगं, ऐकतेस ना? मला जायचंय.”

ती त्याच्याकडे बघत होती. त्याचे गुडघे एकमेकांना चिकटले होते.

“ये गं लवकर!” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “हात दे मला!”

म्हातारीने पुढची शेंग उचलली.

“थांबा,” ती म्हणाली, “माल सुकतोय.”