दोन हजार सालचा खेळ

"मेलेल्या गड्याला पलीकडं कशाला न्यायचं?" फौजदारानं विचारलं.

शामूनं चुन्यानं आखलेल्या वर्तुळाकडं हात केला. तो नुकताच बी.एस्सी. होऊन कोगनोळीला परतला होता. "हा दोन हजार सालचा खेळ आहे, साहेब. तेव्हा मैदानाखाली विजेची चुंबकं असतील, म्हणून अंगावर लोखंड चालणार नाही. बाद झालेला गडी म्हणजे मेलेला. त्यानं हलायचं नाही. यंत्र त्याला उचलून विरुद्ध बाजूला नेईल. आपल्याकडं यंत्र नाही, म्हणून घोंगडं."

वर्तुळाच्या मधून हद्द जात होती. अलीकडं इंग्रजांचा मुलूख. पलीकडं संस्थान आणि उसाचे फड. जत्रेच्या सामन्याला दोन्हीकडचे गडी जमले होते.

"भरमूपण खेळणार?"

शामूनं घसा खाकरला. "खेळेल की."

भरमूचा भाऊ भावकू याच फौजदाराच्या मारानं चौकीत मेला होता. भरमूनं तो मार बघितला होता. जत्रा सरली की त्यालाही उचलणार, हे गावाला ठाऊक होतं. बाप यल्लाप्पा आधीच पलीकडं लेकीच्या घरी गेला होता. भरमूवर मात्र पहारा होता.

फौजदार हसला. त्यानं भरमूला हवालदाराशेजारी बसवलं.

"बस हितंच. तुझ्याऐवजी मी मरतो. तुला न्यायला पलीकडं कोण कोण आलंय, तोंडं तरी बघू."

"पण साहेब, नियम..." शामू चाचरला.

"पाळतो की रं नियम!" फौजदारानं पट्टा, पिस्तूल काढून हवालदाराकडं दिलं.

हलगी वाजली. पहिल्याच स्पर्शाला फौजदार आडवा झाला. माणसं खदखदून हसली. पलीकडच्या चौघांनी त्याला घोंगड्यात गुंडाळून उचललं.

"मढं लई जड हाय रं!"

"खाऊन खाऊन मेलंय, मर्दा!"

हशा मागं राहिला. दोन्ही बाजूंनी उसाची पानं घासू लागली. मग घोंगडं जमिनीला टेकलं.

फसलेल्यांचे चेहरे बघायला फौजदारानं तोंडावरचं घोंगडं बाजूला केलं.

यल्लाप्पा कुदळ टेकून उभा होता. त्यानं फौजदाराला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग शेजारच्या ताज्या खड्ड्याकडं बघितलं.

"शामूनं माप बरोबर दिलतं," तो म्हणाला.