वाटा

“मग तिचीच डुकरं कशी जिती?”

पंचांचा म्होरक्या ग्यानोबाने लिंबाखाली बसलेल्या साऱ्या वस्तीला विचारले. या प्रश्नाला उत्तर नाही, हाच पंचांच्या लेखी पुरावा होता. नाल्याच्या अलीकडे घरोघरची डुकरे तापाने मरत होती. नाल्याच्या पलीकडे, वाळीत टाकलेल्या गुणाबाईच्या दगडी आवारात मात्र माद्या पिलांना पाजत निवांत पडल्या होत्या. करणी तिचीच. तिला दिवस मावळायच्या आत वस्तीतून हाकलायचे, एवढेच बोलून दाखवायचे राहिले होते.

लुंबिनी नमुन्यांची पेटी मांडीवर घेऊन कडेला बसली होती. मुदखेडची ही पशुवैद्य मुलगी डुकरांमधला विषाणू एका घरून दुसऱ्या घरी कसा जातो, यावर संशोधन करीत होती. तिला ग्यानोबाचा राग आला नाही. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. पावसाळा संपल्यापासून ती स्वतः त्याच प्रश्नापाशी अडली होती.

भूकंपानंतर ढिगारे उपसायच्या कामाला आलेली ही माणसे लातुरात टिकली ती शिकवण्यांच्या आधाराने. शिकवण्या वाढल्या, त्यांच्यामागे खानावळी वाढल्या, आणि खानावळींच्या खरकट्यावर डुकरे पोसली गेली. रोग खरकट्यातून येत असावा, असे लुंबिनीचे पहिले अनुमान होते. पण गुणाबाईही त्याच खानावळींतून पिंप भरून आणत असे. नाला एकच, पाणी एकच, माश्याही त्याच. बरे, तिच्या डुकरांत जादा ताकद असेल म्हणावे, तर त्यांच्या रक्ताने तेही खोटे पाडले. रोगाशी झुंजून वाचलेल्या जनावराच्या रक्तात त्या झुंजीची खूण राहते. इथे खूणच नव्हती. विषाणू त्या दाराशी पोचलाच नव्हता.

“करणी नाही, काका,” लुंबिनी उठून म्हणाली. “रोग नाल्यापलीकडं गेलाच नाही. का गेला नाही, ते बघायचंय. मी त्याच्या वाटाच शोधून राहिले.”

बैठकीत यायची गुणाबाईला मनाई होती. ती आपल्या दारात उभी राहून ऐकत होती. तिथूनच तिने आवाज टाकला.

“वाटा? माझ्या घरी कशाचा वाटा हुडकती गं पोरी? लेकीचं लगीन पंचांना न इचारता केलं, तवापस्नं चुलीला इस्तू देत न्हाईत मला. वाटा कोन देतंय!”

दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. लुंबिनी मात्र जागच्या जागी खिळली. ती रस्ते म्हणाली होती. म्हातारीने मटणाचा हिस्सा ऐकला होता.

“काका,” ती ग्यानोबाकडे वळली, “डुक्कर तापलं की तुम्ही काय करता?”

“काय करनार? जीव जायाच्या आत कापायचं. मेल्यालं कोन खातंय?”

“आणि मटण?”

“भावकीत, सोयऱ्यात वाटे घालायचे. रीतच हाय ती.”

“मटण धुतलेलं पाणी, हाडं, कातडं?”

“डुकरांफुडंच की! मंग काय देवाला दावायचं?”

हशा पिकला. लुंबिनीने तो ओसरू दिला.

“आता एकच सांगा. तुमच्या घरचं पहिलं डुक्कर तापलं, त्याच्या आधी वाटा कुणाकडून आला होता?”

ग्यानोबाचे हसू ओठांवरच राहिले. “धर्माबादच्या इव्हायानं धाडला व्हता,” तो सावकाश म्हणाला.

“आमाला ग्यानोबामामाकडनं,” मागून एक जण बोलला.

“आन आमाला तुझ्याकडनं!” त्याची शेजारीण ताडकन उठली.

मग कुणाला थांबवता येईना. माणूस माणसाकडे बोट दाखवू लागला, आणि बोटांमागून बोटे फिरत शेवटी ग्यानोबाच्या पागोट्यावर येऊन थांबली. लुंबिनीचा न जुळणारा नकाशा एका दमात जुळला. रोग वाऱ्याने आला नव्हता, नाल्याने आला नव्हता. तो सोयरिकीने आला होता. ते मटण खाऊन माणसाला काही होत नव्हते, म्हणून कुणाला संशयही आला नव्हता. गुणाबाईकडे वाटा जात नव्हता, माणूस जात नव्हता. आणि सुटली तर लोक धोंडे घालतील या धास्तीने तिने आपली डुकरे कधी मोकळी सोडली नव्हती. जे दार सोयरिकीला बंद, ते रोगालाही बंद होते.

लुंबिनीने हे सारे त्यांच्याच शब्दांत सांगितले. मग ग्यानोबा उठला. त्याने पागोटे सारखे केले.

“ऐका. मर थांबेस्तवर कुनी कुनाला वाटा द्यायचा न्हाई. कुनी कुनाच्या डुकरांपाशी जायाचं न्हाई. ज्यानं त्यानं आपली जनावरं कोंडून ठेवायची, आन डॉक्टरीन बाई म्हनतेल तवा सुई टोचून घ्यायची.” तो अडखळला. “आन... वैनी कुठं जानार न्हाई.”

ज्या बाईचे नावही इतकी वर्षे त्याने घेतले नव्हते, तिला तो वैनी म्हणाला. नाल्यावरची फळी ओलांडून तो पलीकडे गेला. सगळी वस्ती उभी राहून बघू लागली.

“डुकरं कशी कोंडून ठिवतीस, ते दाव की, वैनी,” असे म्हणत त्याने आवारात टाकायला पाय उचलला.

गुणाबाईने दाराच्या दोन्ही दगडांना हात लावून वाट अडवली. तिचे डोळे हसत होते.

“तितंच थांबा, भावजी. आजपस्नं तुमी वाळीत.”