माळकऱ्याची लेन्स

मंगलाबाईने मेलेल्या नवऱ्याच्या, चिंधाच्या तीन जुन्या लेन्स कोसाड वस्तीतल्या आपल्या खोलीत चटईवर मांडल्या. चिंधासोबत लग्नांचं शूटिंग करणाऱ्या हेमराजला मिररलेस कॅमेऱ्यासाठी छोटीशी, हाताने फोकस करायची लेन्स हवी होती.

"हाई ल्या भाऊ, त्यासनी लाडकी व्हती."

वरातीचं शूटिंग आटोपून परतताना अपघातात चिंधा गेला, तेव्हा गाडी हेमराजच चालवत होता, प्यायलेलाही तोच होता. पण मेलेल्याला कुठली वाचा! कीर्तनात टाळ धरणाऱ्या माळकरी चिंधाला त्याने पोलिसांपुढे खुशाल दारुडा ड्रायव्हर ठरवलं होतं.

लेन्स चढवून हेमराजने ती भिंतीवरच्या चिंधाच्या फोटोवर रोखली. सगळं धुरकट दिसलं. रिंग फिरवली तसा चेहरा उमटला, मग खांदे. पण नुकतीच डोळ्यांनी पाहिलेली तुळशीची माळ त्या गळ्यात नव्हती.

"वहिनी, यांची माळ कुठे गेली?"

मंगलाबाई मायेने हसली. "आजून जराखं फिरवा ना, भाऊ."

रिंग फिरली, आणि हेमराजच्या गळ्याभोवती बारीक, खरखरीत मणी आवळले. त्याने झटक्यात बोटं काढून घेतली.

रिंग फिरतच राहिली.